तोरणा का नाही असं विचारणाऱ्यांसाठी
बऱ्याच जणांनी विचारलंय की युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ च किल्ले का, तोरणा का वगळला. अहो हे मालिका नामांकन आहे, म्हणजे अनेक ठिकाणं मिळून एकच वारसा म्हणून पाठवलेली, त्यात प्रत्येक किल्ल्याने काहीतरी वेगळं दाखवावं लागतं, म्हणून साल्हेर डोंगरी, खांदेरी-सिंधुदुर्ग बेटावरचे आणि तमिळनाडूतला जिंजीसुद्धा. जानेवारी २०२४ ला प्रस्ताव गेला, मग इकोमॉसचे (वारसास्थळांबाबत युनेस्कोला सल्ला देणारी संस्था) तज्ज्ञ प्रत्यक्ष गड बघून गेले, आणि जुलै २०२५ ला पॅरिसमध्ये जागतिक वारसा समितीने मंजुरी दिली. महाराजांचे गड जगाने मानले, ऊर भरून येतो! पण आता खरी जबाबदारी, कारण जर्मनीतल्या ड्रेस्डेनने नदीवर पूल बांधायला घेतला तर २००९ मध्ये युनेस्कोने त्यांचा जागतिक वारसा दर्जा सरळ काढून घेतला, त्यामुळे राजगडावर प्लास्टिक टाकणाऱ्यांना आणि मनमानी सिमेंट ओतणाऱ्यांना आत्ताच थांबवा प्लीज.