डेंट दिसला म्हणून गाडी सोडू नका, कुठला पत्रा दबलाय ते आधी बघा

सध्या सोलापुरात बहुतेकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. सेकंड हँड गाडी घेणाऱ्यांसाठी 'सोनेरी नियम': पत्र्यावर डेंट किंवा मोठा ओरखडा दिसला तर ती गाडी बघायलाही जाऊ नका. पुढे पाच कारणं दिलीत. डेंट म्हणजे अपघात आणि अपघात म्हणजे चासी गेली. अशा गाडीचा विमा उतरत नाही. दुरुस्तीचा खर्च किमतीतल्या सवलतीपेक्षा जास्त येतो. त्यापेक्षा एकसारखा चकचकीत रंग असलेली गाडी घ्यावी. आणि डेंटवाली गाडी पुढे कुणी विकत घेत नाही.

मी डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यातला माणूस आहे. रंगाखाली काय काय झाकता येतं ते रोज बघतो, म्हणून हा मेसेज मला धोक्याचा वाटतो. तो वाचून लोक उघड्या डेंटला घाबरतात आणि झाकलेल्या नुकसानीला जास्त पैसे मोजतात. पहिली गाडी घेणारं घर वर्षानुवर्षं साठवलेले दोन-अडीच लाख त्यात घालतं, तिथे असा नियम चालणार नाही.

पहिला मुद्दा, चासीचा. आल्टो, वॅगन आर, स्विफ्ट, आय टेन यांसारख्या गाड्यांना ट्रकसारखी किंवा बोलेरोसारखी वेगळी चासी नसतेच. अख्खी बॉडी हाच सांगाडा असतो. त्यामुळे 'चासी गेली का' असं विचारून काही कळत नाही. दबलेला भाग बोल्टने बसवलाय की वेल्ड केलाय, ते विचारा. बॉनेट, पुढचे फेंडर, चारही दरवाजे, डिकीचं झाकण ही सगळी बोल्टवर बसतात, खराब झाली तर बदलता येतात. बंपर तर प्लास्टिकचा. नवी पेठेत गाडी लावली आणि कुणाच्या स्कूटरचं हँडल दाराला लागलं, तर सांगाड्याला काहीही होत नाही. याउलट छत, दरवाज्यांमधले खांब (आम्ही पिलर म्हणतो), दारांखालची पट्टी, मागच्या चाकावरचा पत्रा, बॉनेटखालचे दोन्ही बाजूंचे एप्रन (चाकावरचे आतले पत्रे) हे सगळं वेल्डचं. पिलरच्या बुडाशी तळहाताएवढा जरी डेंट असला, तरी तो दरवाज्यावरच्या हातभर डेंटपेक्षा गंभीर समजा.

इथे मेसेजची एक बाजू बरोबर आहे, ती मान्य करायलाच हवी. पिलर, एप्रन किंवा छत कापून जोडलेली गाडी घेऊ नये. पण ते बाहेरच्या डेंटवरून कळत नाही, उघडून बघावं लागतं. बॉनेट उचला. कंपनीचे स्पॉट वेल्ड (पत्रे जोडणारे ठिपके) छोटे, गोल आणि सारख्या अंतरावर असतात. जोडांवरचं सीलंटही (फट बुजवणारा लेप) मशीनने सरळ रेषेत ओढलेलं असतं. ते हाताने फासल्यासारखं दिसलं किंवा वेल्ड ओबडधोबड दिसले, की तिथे काम झालंय. फेंडरच्या आणि बिजागरीच्या बोल्टवर पान्याच्या खुणा आहेत का बघा. मग डिकीतलं कार्पेट उचलून स्टेपनी बाहेर काढा. मागून जोरात धडक बसलेल्या गाडीच्या त्या खळग्यात सुरकुत्या राहतात, आणि तिथे रंग मारायचा कंटाळा बहुतेक जण करतात. ही एक जागा मी कधीच चुकवत नाही.

डेंट चाकाजवळ असेल तर गाडी विजापूर रोडच्या सरळ पट्ट्यावर न्या आणि स्टिअरिंग सैल धरून बघा. गाडी एकीकडे ओढत असेल किंवा टायरची एकच कड घासलेली असेल, तर ते फक्त अलाइनमेंटचं काम असू शकतं, किंवा लोअर आर्म (चाकाला धरणारा खालचा दांडा) वाकलेला असू शकतो. लिफ्टवर घेतल्याशिवाय ठरवू नका.

पुढून मार बसला असेल आणि गाडीला एअरबॅग असेल तर ती बघा. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही तरी ते वाईट लक्षण समजा, कारण उडालेली बॅग न बदलता दिवाच बंद करून टाकणारे लोक आहेत. सीट बेल्ट झटक्यात ओढून तो अडकतो का, तेही बघा.

दुसरा मुद्दा विम्याचा, आणि तो साफ खोटा आहे. पॉलिसी चालू असेल तर गाडी नावावर झाल्यापासून 14 दिवसांत कंपनीला कळवून ती आपल्या नावावर करून घ्यायची. पॉलिसी संपलेली असेल तर कंपनीचा माणूस गाडी बघून फोटो काढतो, असलेले डेंट नोंदवतो, आणि त्याच डेंटचा क्लेम पुढे मिळत नाही. बाकी विमा उतरतो. उलट जुनी पॉलिसी आपल्याला फार कामाची असते. त्यातला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, वाचा. एक वर्ष क्लेम नसेल तर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाचव्या वर्षी 50. पाच-सहा वर्षं एकाच मालकाकडे असलेल्या गाडीचा बोनस शून्य दिसला, तर बहुधा एक तर क्लेम झालाय किंवा पॉलिसी बराच काळ बंद होती. अंगावर एकही डेंट नाही आणि बोनस शून्य, असं असेल तर काय दुरुस्त केलं ते विचारा, बिल मागा. हा बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर आपल्याला मिळत नाही, तेव्हा विकणाऱ्याने त्याचे पैसे किमतीत धरले असतील तर देऊ नका.

तिसरा मुद्दा खर्चाचा, त्याचं सोपं आहे. भाव ठरवण्याआधी दोन गॅरेजांतून अंदाज लिहून घ्या. बाहेरच्या गॅरेजात एका पॅनेलला (दरवाजा, फेंडर असा एक भाग) साधारण तीन ते पाच हजार लागतात, मेटॅलिक किंवा पर्ल रंगाला जास्त. बंपर फुटला असेल तर मागचे ब्रॅकेट, हेडलाइट आणि रेडिएटर सपोर्टही त्यात धरायला सांगा, कारण अंदाज चुकतो तो तिथेच. आणि सगळं दुरुस्त करायलाच पाहिजे असं नाही. आपल्याकडची हवा कोकणासारखी दमट नाही, पत्रा लगेच सडत नाही. उघड्या पत्र्यावर पावसाळ्याआधी प्रायमर आणि वरून रंग मारून घेतला की डेंट तसाच ठेवून गाडी वर्षानुवर्षं चालवता येते.

चौथा मुद्दा, चकचकीत रंग म्हणजे सुरक्षित गाडी, हा सगळ्यात घातक. कंपनीचा रंग साधारण 80 ते 150 मायक्रॉन जाड असतो. पुन्हा रंगवलेल्या पॅनेलवर तो दोनशेच्या पुढे जातो, आणि लांबी (खड्डा भरायची पुट्टी) भरलेली असेल तर पाचशे-हजारच्याही वर. जाडी मोजायचं यंत्र कुणाकडून मिळालं तर न्या. नाहीतर कापडात गुंडाळलेलं साधं लोहचुंबक फिरवा, जाड लांबीवर ते धरत नाही. दाराच्या रबरावर रंगाचे शिंतोडे आहेत का, सगळ्या काचांवर एकाच कंपनीची खूण आणि जवळपास तेच साल आहे का, हेही बघा. मात्र छत आणि बॉनेट रंगवलेलं दिसलं की लगेच अपघात समजू नका. एप्रिल-मेच्या उन्हात सोलापुरात या दोन पत्र्यांवरचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) आधी जातो, आणि लोक तेवढंच रंगवून घेतात.

पुराच्या गाडीला तर डेंट नसतोच. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर, जुलै 2021 मध्ये चिपळूण, आणि सप्टेंबर 2025 मध्ये आपल्याच जिल्ह्यात सीनेच्या काठची गावं पाण्याखाली गेली. पाण्यात उभी राहिलेली गाडी धुऊन, पॉलिश करून उभी केली की बाहेरून ओळखू येत नाही. तिची वायरिंग मात्र महिन्यांनी त्रास द्यायला लागते. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून गाळाची रेघ आहे का बघा, सीटखालचे स्क्रू गंजलेत का बघा, कार्पेट उचलून वास घ्या. 'सोनेरी नियमा'त यातलं एक अक्षर नाही. त्या नियमाने ही गाडी पास होते आणि दाराला स्कूटर घासलेली चांगली गाडी नापास.

राहिला पाचवा मुद्दा, पुढे विकण्याचा. विकताना भाव कमी येतो हे खरं, पण घेतानाही तुम्ही कमीच दिलेले असतात. सहा-सात वर्षं वापरून विकायची असेल तर तोवर वय आणि किलोमीटरच जास्त बघतात.

डेंटवाली गाडी पक्की करण्याआधी एकच मागणी ठेवा: आपल्या ओळखीच्या गॅरेजात लिफ्टवर दाखवा. एमएच 13 ची, एकाच मालकाची गाडी असेल तर ती कुठल्या गॅरेजात जात होती हे विचारून तिथेही चक्कर मारा. पुणे-हैदराबादहून आलेल्या गाडीबद्दल इथे विचारायला कुणी नसतं. विकणारा लिफ्टवर न्यायला नाही म्हणाला, जुनी पॉलिसी दाखवत नसला, किंवा वेल्डच्या भागावर काम झालेलं दिसलं, तर गाडी कितीही स्वस्त असो, टोकन देऊ नका. यातलं काही नसेल आणि फेंडर किंवा दरवाजाच दबलेला असेल, तर गॅरेजचा लेखी अंदाज समोर ठेवून तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागा.