तक्रार केली पत्र्यांची, वैर आलं शेजाऱ्याशी

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या इमारतीच्या मीटर रूमला आग लागली. रविवारची रात्र, साडेअकराचा सुमार. अग्निशमन दलाचा बंब लवकर आला, पण गेटपाशीच अडकला. इमारतीच्या बाजूने जी जागा मोकळी असायला हवी, नकाशात जिला सामासिक अंतर म्हणतात, तिथे तळमजल्यावरच्या फरसाणवाल्यांनी पत्रे टाकून भटारखाना केलाय. दोन मोठ्या भट्ट्या, तेलाचे डबे, भिंतीला टेकवलेले पाच-सहा कमर्शियल सिलिंडर. जवानांनी पाण्याचा पाइप खांद्यावरून पुढच्या जिन्यातून ओढत नेला. आग मीटरच्या पेट्यांपुरतीच राहिली म्हणून निभावलं. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना आम्ही खुर्चीत बसवून खाली आणत होतो, तेव्हा त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. धुरात एक अक्षर बोलले नाहीत, फक्त धरून होते.

दुसऱ्या दिवशी मी महापालिकेच्या अॅपवर तक्रार केली. पत्र्यांचे फोटो, सिलिंडरचे फोटो, मंजूर नकाशाची प्रत, सगळं जोडलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आई दुकानात पाव किलो शेव आणायला गेली, तर शेठ काउंटरवरून म्हणाले, "मावशी, ताईंना त्रास होत होता तर मला सांगायचं ना. घरच्या घरात मिटलं असतं." आईला काहीच माहीत नव्हतं. ती पिशवी तशीच घेऊन परत आली आणि मला म्हणाली, "तू काय केलंस?"

आमच्या भागातल्या बांधकामांवर नजर ठेवणाऱ्या महापालिकेच्या बीट निरीक्षकांनी दुकानात उभं राहून मोबाइलवर माझी तक्रार दाखवली होती. माझं नाव, फ्लॅट नंबर, सगळं.

मला आज याच गोष्टीबद्दल लिहायचंय. नोटीस उशिरा निघते, कारवाई होत नाही, यावर पुष्कळ लिहिलं गेलंय आणि ते खरंच आहे. पण तक्रारदाराचं नाव ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या हातात देणं, ही माझ्या मते सगळ्यात मोठी खोट आहे. बांधकाम नियमात आहे की नाही, हा प्रश्न महापालिका आणि बांधकाम करणारा यांच्यातला. नाव फुटलं की तोच प्रश्न दोन शेजाऱ्यांचा होतो. पत्रे बाजूला राहतात आणि "तिचं माझ्याशी काय वाकडं आहे" हे सुरू होतं. मग अधिकाऱ्याला म्हणायला मोकळीक मिळते, "तुम्ही आपसात बसून मिटवा." सिलिंडर आपसात कसे मिटवायचे?

माझ्या तक्रारीचं पुढे काय झालं तेही सांगते. अकराव्या दिवशी अॅपवर शेरा आला: "संबंधितास नोटीस बजावण्यात आली आहे. तक्रार निकाली." पत्रे जागच्या जागी होते. मी पुन्हा तक्रार टाकली, तीही निकाली निघाली, आधीच्या नोटिशीचा हवाला देऊन. तिसऱ्यांदाही तेच. मग माहिती अधिकारात अर्ज केला तेव्हा नोटिशीची प्रत हाती आली. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966, कलम 53. ही नोटीस म्हणजे कारवाईची पहिली पायरी. बांधकाम काढा, नाहीतर आम्ही काढू आणि खर्च तुमच्याकडून वसूल करू, असं ती सांगते. याच कायद्याच्या कलम 52 मध्ये एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आपण बोलताना "एमआरटीपी लावला" म्हणतो ते हेच. म्हणजे कायदा दुबळा नाही. पण आमच्याकडे पहिल्या पायरीवरच फाइल बंद होते, आणि महिन्याच्या अहवालात ती सुटलेली तक्रार म्हणून मोजली जाते.

अधिकाऱ्यांची बाजूही मी ऐकली. प्रभाग कार्यालयातले एक कनिष्ठ अभियंता खुर्ची देऊन, शांतपणे बोलले. म्हणाले, मॅडम, माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींतल्या कितीतरी पैसे काढण्यासाठी असतात. आज अर्ज येतो, दोन आठवड्यांनी "माझी तक्रार नाही" असं पत्र येतं. हे खोटं आहे असं मी म्हणणार नाही. माहिती अधिकाराचा असा धंदा करणारे लोक आपल्या प्रत्येकाला माहीत आहेत. पण त्यावरही उपाय एकच आहे. बांधकाम बेकायदा आहे की नाही हे जागेवर जाऊन टेप लावून ठरवा. मग तक्रार कुणी केली आणि कुणी मागे घेतली याला किंमतच उरणार नाही. तक्रार मागे घेतली म्हणून पत्रे कायदेशीर होतात का?

4 एप्रिल 2013 ला मुंब्र्याजवळ शीळ फाट्याला सात मजली बेकायदा इमारत कोसळली आणि 74 माणसं गेली. वर काम चालू असतानाच खाली कुटुंबं राहायला आली होती. नंतर बिल्डरांबरोबर महापालिकेच्या अधिकाऱ्यांनाही अटक झाली. सात मजले कुणाच्या नजरेआड उभे राहत नाहीत. पहिला चौथरा शेजारच्यांना दिसतो, त्याच दिवशी दिसतो. त्या दिवशी शेजारच्याने बिनधास्त फोन करावा असं वातावरण ज्या शहरात नाही, तिथे बांधकाम जोत्यावर थांबत नाही. ते पूर्ण होतं, त्यात माणसं राहायला येतात, आणि मग कारवाई करायची म्हणजे संसार रस्त्यावर आणायचे. डोंबिवलीच्या बनावट कागदपत्रांवर उभ्या राहिलेल्या 65 इमारतींत हेच झालं. उच्च न्यायालयाचा पाडण्याचा आदेश आला तेव्हा आत कर्ज काढून घर घेतलेली माणसं होती.

सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 2024 च्या निकालात सांगितलंय की पाडकामाआधी किमान 15 दिवसांची नोटीस द्या, आणि नोटीस, तिला आलेलं उत्तर, शेवटचा आदेश हे सगळं पोर्टलवर ठेवा. हा निकाल घरमालकांच्या संरक्षणासाठी आला आणि ते योग्यच आहे. पण आमच्यासारख्यांनाही त्याचा आधार आहे. नोटीस पोर्टलवर दिसली तर ती खणात पडून राहणार नाही. रस्त्यावरच्या बांधकामाला मात्र हे संरक्षण नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवालीची गाडी सकाळी उचलतात आणि ती दुपारी दंड भरायला रांगेत उभी असते. तिच्यापासून वीस पावलांवर हे पत्रे सुखरूप उभे आहेत. हे बघवत नाही.

माझी मागणी साधी आहे. तक्रारदाराचं नाव कार्यालयाबाहेर जाऊ नये. जागेवर जाणाऱ्याच्या हातात फक्त पत्ता आणि मंजूर नकाशा असावा. आणि बांधकाम काढल्याचा फोटो चढल्याशिवाय "निकाली" हा शब्द अॅपवर उमटू नये.

शेठशी माझं वैर नाही. माझ्या बारावीच्या निकालाचे पेढे त्यांच्याच दुकानातले होते. आई आता शेव आणायला पुलापलीकडे जाते, गुडघे दुखत असतानाही, कारण तिला त्यांच्यासमोर उभं राहवत नाही.

येत्या सोमवारी लोकशाही दिनाला, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात त्या दिवशी, मी अर्ज घेऊन जाणार आहे. इमारतीतल्या दोघी बरोबर यायला तयार आहेत, सही करायला नाहीत. त्यांची भीती मला समजते. तुमच्या प्रभागात तक्रारीनंतर नाव फुटल्याचा अनुभव असेल तर इथे लिहा. उघड लिहायचं नसेल तर मला मेसेज करा. तुमचं नाव मी कुणालाही सांगणार नाही.