दोन किलोच्या आत दळण नाही

परवा शनिवारी संध्याकाळी गिरणीत माझी जी शोभा झाली ती अजून डोक्यातून जात नाहीये. ऑफिसात सांगायला गेले तर म्हणतात एवढंच ना, त्यात काय. त्यात काय तेच सांगते.

बदली होऊन सांगलीत आले, गावभागात वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्यात, एकटी राहते, स्वयंपाक येतो आणि आवडतो. झाली पार्श्वभूमी. तर मी डब्यात एक किलो शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, घेऊन गिरणीत गेले.

एकच किलो का, हे त्या दिवशी मला सात जणांना समजावावं लागलं, तुम्ही आठवे. ज्वारीचं पीठ साठवून चालत नाही. गव्हाच्या कणकेत ग्लूटेन असतं म्हणून ती ताणली जाते, ज्वारीत तो प्रकारच नाही, तिच्याकडे असते ती विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, आणि ती असते ताज्या पिठाला. पंधरा दिवस उलटले की विरी जाते, मग पाणी उकळतं घाला नाहीतर तळहात सोलवटेपर्यंत मळा, भाकरीला कडेनं असे तडे जातात की मे महिन्यातलं जतचं रान बघावं. मला आठवड्याला लागतात पाच-सहा भाकऱ्या, कारण डब्याला पोळी असते आणि रात्री कधी भात, कधी कंटाळा. म्हणजे किलोभर पीठ दोन आठवडे पुरतं आणि तेवढ्यात विरीची मुदतही संपते. सरळ हिशोब आहे, पहिलीतल्या पोराला कळेल.

गिरणीवाल्याने डबा हातात घेऊन नुसता हलवला. खुळखुळ वाजला.

"मॅडम, ह्यो काय नमुना हाय?"

मागे भिंतीवर पाटी होती, "दोन किलोच्या आत दळण घेतले जाणार नाही", आणि तिच्यावर पिठाचा इतका जाड थर होता की माणसाला आधी ती पुसावी लागेल मग वाचावी लागेल. मी म्हटलं, दादा, पैसे दोन किलोचे घ्या आणि दळा एकच. मला वाटलं बिनतोड तोडगा काढला. तो दुखावला की! "पैशाचं न्हाय वो. जात्याच्या पोटात थोडं पीठ राहतंयच. आत्ता बाजरी झालीया. तुमचा किलो त्याच्यावर टाकला तर तुम्ही बाजरी घिऊन जाणार, आन तुमचा शाळू जाणार पुढच्याच्या गव्हात. मग त्यो भांडत येणार."

आता हे खरंय, ते मला मान्य आहे. गिरणीत कुणाच्या मागून कुणाचं दळण लागतं यावर घराण्यांची वैरं झालेली आहेत. दहा किलोवाल्याच्या दळणात पावशेर बाजरी आली तर त्याला पत्ताही लागत नाही, किलोवालीचं मात्र वाटोळं. पण मग किलोवालीने करायचं काय? हा प्रश्न मी विचारणार एवढ्यात रांगेतून आवाज आला, "बगू गं काय आणलंयस."

काकू साठीच्या असतील. हाताशी तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा, त्याला सुतळीची दोरी, पदर खोचलेला. मी बघू दिलंय की नाही याची वाट न पाहता त्यांनी माझ्या डब्यात हात घातला, मूठभर दाणे वर काढले, फुंकर मारली, एक दाणा दाढेखाली धरला आणि कट्ट करून फोडला. पूर्ण गिरणी बघत होती. पट्ट्याची फटफटसुद्धा मला वाटतं जरा हळू झाली.

"शाळू हाय," काकूंनी निकाल दिला. "मालदांडी. म्हाग असंल."

असेलच. ऑफिसातल्या एका मंगळवेढ्याच्या माणसाने घरचा आणून दिला होता, मोत्यासारखा दाणा, ज्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ती ज्वारी. हे मी उगाच काकूंना सांगितलं. नसतं सांगायला पाहिजे होतं.

"आन एवढाच?"

"एकटीच आहे ना काकू."

"एकटी म्हंजे? मालक कुटं असत्यात?"

"नाहीत."

"न्हाईत म्हंजे..." आणि इथे काकूंचा हात आपोआप पदराकडे गेला, चेहऱ्यावर दुखवट्याचे भाव आले, बाकीच्यांनी पण मान खाली घातली. मला घाईघाईने सांगावं लागलं की तसं काही नाही, लग्नच केलेलं नाही. मला वाटलं यांना बरं वाटेल. काकू मागे वळल्या आणि मिरज स्टेशनवर गाडी लेट असल्याचं सांगतात त्या सुरात रांगेला म्हणाल्या, "लगीनच केलेलं न्हाई."

रांगेने हूं केलं. एक काका स्वतःची गव्हाची पिशवी सोडून दोन पावलं पुढे आले.

"मग भाकरी करतीस कुणासाठी?"

मी काही वेळ खरोखरच विचार केला. "माझ्यासाठी," मी म्हटलं.

"सोताला?" काकूंना हे पटेचना. "एकटीसाठी परात घ्याची, पाणी ठिवायचं, तवा तापवायचा? डबा लाव की गं बाई कुटंतरी!"

डबा. लावला होता ना, आल्या आल्या तीन महिने लावला होता. सोमवारी लाल तर्रीत वाटाणा, मंगळवारी तीच तर्री पण बटाटा, बुधवारी तर्री एकटीच, माझ्यासारखी. पोळ्या तीन, बोटाने टोचलं तर बोट परत येईल अशा. म्हणून बंद केला आणि परात विकत घेतली, तर दुकानदार म्हणे या साइजच्या खाली नाही येत. त्या परातीत मी बसले तरी चार बोटं जागा उरेल. आणि हे सगळीकडेच. मेथी घ्यायला जा, गड्डी एवढी मोठी की आज भाजी, उद्या थालीपीठ, परवा तिच्याशी बोलणं बंद. अर्धा कोबी मागितला तर बाई म्हणते उरलेल्या अर्ध्याला मी काय करू, जणू तो प्रश्न मला पडत नसेल. मूठभर तुरीची डाळ शिजवली तरी आमटी तीन दिवस, तिसऱ्या दिवशी तिला नवीन फोडणी देताना लाज वाटते. तो १४.२ किलोचा सिलिंडर मला साडेचार महिने जातो आणि तो आणून देणारा माणूस दर वेळी विचारतो, ताई, चूल पेटवता का मधनं?

एक सांगू का, राग एक किलोचा नाहीये. आमच्या खालच्या मजल्यावर एक इंजिनिअर मुलगा राहतो, तोही एकटाच. त्याच्याकडे घरमालकीणबाई रविवारी वाटी झाकून काय काय पाठवतात, बिचारा, हाताने करून खातो म्हणून. परवा त्याने मॅगी केली तर जिन्यात कौतुक चाललं होतं. आणि माझ्याकडे त्याच बाई वाटी घेऊन येतात ती रिकामी. "वास आला हो छान, काय केलंत?" मी करून खाते तर ते कुणाच्या बिचाऱ्या खात्यात जमा होत नाही. जाऊ दे.

तर गिरणी. काकूंनी तोवर तोडगा काढला होता. "माझं धा किलो जोंधळं हाय. तुझं ह्याच्यात वत. एकदम दळून घिऊ, आन तुला तुझं मापून दिऊ."

त्यांच्या डब्यात बघितलं तर हायब्रीड, पावसात सापडलेलं असावं, काळसर. मी काहीतरी सबब सांगणार होते की माझं जरा वेगळं आहे वगैरे, पण काकूंना ते चेहऱ्यावर दिसलं. मग त्यांनी २०१९ चा महापूर काढला. ऑगस्टात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी मोजता मोजता घरात कसं आलं, वर्षाच्या बेगमीची शाळूची तीन पोती कशी भिजली, पाणी ओसरून परत आल्या तेव्हा पोत्यांना बाहेरून हिरवे मोड आले होते, वास आठवडाभर हाताचा गेला नाही. "तवापास्नं बेगमी न्हाई करत. महिन्याला धा किलो, मिळंल ते. शाळू हातात घेटला न्हाई बग." असं म्हणून माझ्या डब्यातले दाणे त्यांनी असे हळूच परत सोडले की माझ्या घशाशीच आलं. मी म्हटलं, ओता काकू.

ओतला. वर हाताने ढवळलासुद्धा, नीट मिसळावं म्हणून. मोती त्या काळ्यात गेले ते गेलेच.

दळून झाल्यावर माप. काकूंनी काट्यावर माझा डबा ठेवला, पीठ टाकलं आणि नऊशेला हात थांबवला.

"काकू, किलो होतं."

"घट धराय नगं व्हय?"

"शंभर ग्रॅम?"

"जात्यात राहतंय, उडतंय, ह्या माणसाच्या मिशीवर बसतंय." गिरणीवाल्याने मिशी झटकली, पुरावाच दिला. रांगेतले काकाही म्हणाले की घट असतेच. असते, मी कुठे नाही म्हणते, पण किलोला शंभर ग्रॅम घट असेल तर काकूंच्या दहा किलोला एक अख्खा किलो घट निघाला पाहिजे, आणि त्यांच्या डब्याचं वजन कुणी केलंच नाही. मी तसं म्हणणार होते. पण शंभर ग्रॅम पिठासाठी पूरग्रस्त बाईशी भांडणारी बिनलग्नाची बाई, अशी माझी गावभागात ओळख मला नको होती. दोन किलोचे पैसे दिले, हो, ते त्याने घेतले, आता तो अजिबात दुखावला नाही, आणि निघाले.

निघताना काकू म्हणाल्या, "फुडल्या टायमाला पण माझ्यातच घाल. शाळूच आण."

त्या पिठाची भाकरी रात्री केली. रंग राखाडी, थापताना ठीक होती, तव्यावर टाकायला उचलली आणि मधोमध नकाशावरच्या नदीसारखी चीर गेली. तरी पिठल्याबरोबर खाल्ली, बरी लागली, आणि ती बरी लागली याचाच मला जास्त राग आला. मग डबा कट्ट्यावर ठेवताना लक्षात आलं की गिरणीवाल्याने डब्यांची गल्लत होऊ नये म्हणून सगळ्यांवर काळ्या मार्करने नावं टाकली होती. काकूंच्या डब्यावर काय होतं ते मी बघितलं नव्हतं. माझ्या पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यावर, ठळक अक्षरात, रेघ ओढून:

"एकटी १ कि."

रांगेतले सगळे ते वाचत उभे होते तर. आणि मी तोच डबा कडेला धरून मारुती चौकातून चालत आले, भाजी घेतली, दोन ओळखीच्या माणसांना हसले.

रात्री साडेअकरापर्यंत घासत होते. लिंबू झालं, घासणीची खरखरीत बाजू झाली, सॅनिटायझर झालं, शेवटी नेलपेंट काढायचं ते औषध लावलं तर त्याने प्लास्टिकच विरघळायला लागलं. "ए" तेवढा गेला. बाकी जसंच्या तसं.

रविवारी सकाळी आईचा साताऱ्याहून व्हिडिओ कॉल. फोन कट्ट्यावर टेकवून मी चहा गाळत होते, आणि तिचं लक्ष माझ्याकडे कधीच नसतं, मागे काय आहे ते बघत असते.

"काय गं, त्या डब्यावर कटी एक किलो काय लिहिलंयस? कटी म्हणजे कंबर ना? डाएट चालू केलंस की काय?"

मी म्हटलं, हो.

"कशाला गं! आधीच काही खात नाहीस तिकडे. थांब, पुढच्या आठवड्यात दादा मिरजेला येतोय कामाला, त्याच्याबरोबर दहा किलो शाळू पाठवते."

"आई, नको, मला गिरणीत..."

"अगं दळूनच पाठवते."