सगळ्यांना एकच माप लावून माणसं सांभाळता येत नाहीत

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात, मी मोल्डिंगचा, म्हणजे वाळूचे साचे करायच्या कामाचा, सुपरवायझर आहे. "माझ्याकडं सगळे सारखे" असं मी बरीच वर्षं अभिमानानं सांगायचो. वेळ, गॉगल, सेफ्टी शूज यांचा नियम सारखा हवाच. पण वागायची पद्धत सारखी ठेवून मी एका चांगल्या माणसाला तोंडघशी पाडलं.

आमचे मामा हातमोल्डिंगमधले जुने कारागीर. वाळू मुठीत दाबून मोडायचे आणि ओल किती ते सांगायचे. त्यांना नव्या मशीनवर घेतलं तेव्हा मी मोकळं सोडलं. एवढ्या मुरलेल्या माणसाला काय शिकवायचं? पहिल्याच आठवड्यात ब्लोहोलचं, म्हणजे ओतलेल्या मालात वायू अडकून पडणाऱ्या भोकांचं, रिजेक्शन वाढलं. मशीन वाळू घट्ट दाबतं, वायू बाहेर पडायला वाट कमी राहते, म्हणून तिथं ओल बेतानं लागते. मामा हातमोल्डिंगच्याच अंदाजानं चालले होते. विचारलं तर म्हणाले, "तुमी कायबी सांगितलं न्हाईसा, आन् पोरांच्या म्होरं मी कसं इचारू?"

हे ऐकून मला फार लागलं. ज्याला मी मान देणं समजत होतो, त्यानंच त्यांना एकटं पाडलं होतं. पुढचे पंधरा दिवस शिफ्टच्या अर्धा तास आधी, पोरं यायच्या आत, मी त्यांच्यासोबत मशीनवर उभा राहिलो.

पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी १९६९ मध्ये हेच मांडलं होतं. नवख्याला नेमकं सांगा, पुढं कारण पटवून द्या, मग त्याच्या विचारानं ठरवा, तयार झाला की सोपवा. आणि तयारी बघायची ती त्या त्या कामातली. आपल्या तालमीतले वस्तादही नव्या पोराकडून जोर-बैठका मोजून घेतात, मैदानाला निघालेल्या पैलवानाला मात्र एखादाच शब्द सांगतात.

ओतकाम तेवढं वेगळं. चौदाशे अंशांच्या आसपासचा लोखंडाचा रस लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, असताना चर्चा नसते. तिथं मी मामांवरही ओरडतो, त्याचं कारण मात्र नंतर चहाच्या वेळी सांगतो.

परवा आयटीआयचं एक पोरगं रागानं म्हणालं, "साहेब, माझंच रजिस्टर रोज बघताय, मामांचं न्हाई." त्याला सांगितलं, तुझा हात बसला की तुझंही बघायचं थांबवीन. आणि पुढच्या महिन्यात मामा कोअर शूटरवर, म्हणजे साच्याच्या आतले वाळूचे गाभे करायच्या मशीनवर, चाललेत, तिथं त्यांचंही रोज बघणार आहे.