मेन स्विच पाडला तरी मीटरमध्ये वीज असतेच

‘मीटरच्या टर्मिनलचा (वायर जोडायच्या जागेचा) स्क्रू तुटला तर मेन स्विच पाडा आणि ड्रिल मारून तो काढा,’ असा सल्ला सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. तो जिवावर बेतणारा आहे. मेन स्विच मीटरनंतर, घराच्या बाजूला असतो. तो पाडल्यावर घरात अंधार होतो, पण खांबावरून मीटरमध्ये आलेल्या फेजच्या वायरीत २३० व्होल्ट तसेच असतात. त्यात ड्रिल मारताना निघालेला पितळी कीस शेजारच्या न्यूट्रलपर्यंत (परतीच्या वायरीपर्यंत) पोचला, की तिथल्या तिथे भडका! शिवाय टर्मिनलचं झाकण सीलबंद असतं. ते तोडलं तर वीज कायदा २००३ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो.

जळका वास येतोय, झाकण काळवंडलंय? घरातला सगळा लोड बंद करा आणि १९१२ वर तक्रार नोंदवा. लाइनमनने मीटरच्या आधीच पुरवठा तोडून, टेस्टर लावून खात्री केल्याशिवाय त्या स्क्रूला कुणीही हात लावू नये.