पानाची त्वचा म्हणजे झाडाचं आधार कार्ड नव्हे

जीवाश्मांच्या गप्पांत एक विधान सर्रास फिरतं: "पानाचा आकार फसवतो, त्वचा फसवत नाही. कुठल्याही जीवाश्म पानाचा नखाएवढा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा, जाती कळलीच." ऐकायला झकास आहे, पण तपासू.

"आकार फसवतो." हे मान्य. ज्युरासिक काळातली पट्टीसारखी लांब पानं पूर्वी टेनिऑप्टेरिस या एकाच नावाखाली कोंबली जायची. त्यांचं क्युटिकल (पानाच्या त्वचेवरचा मेणचट पापुद्रा) नायट्रिक आम्ल आणि पोटॅशियम क्लोरेटने मोकळं करून पाहिलं, तेव्हा काहींची पर्णरंध्रं (हवा आत-बाहेर जाण्याची सूक्ष्म छिद्रं) सायकड या ताडासारख्या दिसणाऱ्या झाडांसारखी निघाली, तर काहींची बेनेटिटेल्स या नामशेष गटासारखी. यॉर्कशायरचं टेनिऑप्टेरिस व्हिटाटा त्या दुसऱ्या गटात गेलं. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ फ्लोरिन याने १९३० च्या दशकात या भेदाला पक्कं रूप दिलं. मात्र नीट पाहा, इथे दोन मोठे गट वेगळे झाले. जाती नव्हे!

"त्वचा फसवत नाही." चांगलीच फसवते. युरोपातल्या ओकचं एकच झाड घ्या. शेंड्यावरच्या, उन्हातल्या पानावर रंध्रं दाट, पेशींच्या भिंती बऱ्यापैकी सरळ. आतल्या सावलीतल्या पानावर रंध्रं विरळ, भिंती नागमोडी. हे दोन तुकडे वेगवेगळ्या खडकांत मिळाले, तर उत्साही माणूस दोन जाती करून मोकळा होईल. म्हणून इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ सॅलिसबरीने १९२७ मध्ये नुसती दाटी न मोजता एकूण त्वचापेशींत रंध्रं किती टक्के, हे मोजायचा मार्ग दिला; पेशी ताणून मोठ्या झाल्या तरी हा आकडा फारसा हलत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की अनेक झाडांत तोही घसरतो. प्राचीन हवेचा अंदाज घ्यायला ही सोय. जाती ठरवणाऱ्याला डोकेदुखी. बरीच पानं, दोन्ही बाजू आणि फरकाचा आवाका पाहिल्याशिवाय नवं नाव देणं म्हणजे घाई.

"कुठल्याही जीवाश्म पानाचा." यासाठी नागपूरजवळच्या कामठीपर्यंत या. तिथल्या लालसर खडकांतल्या ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाच्या पानांचे बहुधा नुसते ठसे उरलेत. मधली शीर दिसते, जाळीदार शिरा दिसतात, पण सोलून काढायला पापुद्राच नाही. तिथे पुन्हा आकार आणि शिरांवरच यावं लागतं.