चांगल्या बादलीला भोक

मागच्या शनिवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, साताऱ्यातल्या भर पेठेत, डोक्यावर पाऊस आणि दोन्ही हातांत एकेक जस्ती बादली अशा थाटात मी एका दुकानासमोर उभा होतो आणि तीन अनोळखी माणसे माझ्या प्रकृतीविषयी आपापसांत चर्चा करत होती. त्याला आज आठ दिवस झाले, तरी न्हाणीघरातली प्लास्टिकची बादलीसुद्धा माझ्याकडे संशयाने पाहते आहे असे मला वाटते.

पूर्वकथा थोडक्यात सांगतो, कारण तीत माझ्या मूर्खपणाखेरीज फारसे काही नाही. आईच्या वेळच्या दोन जस्ती बादल्या आणि कपडे भिजवण्याचा एक टब वर्षानुवर्षे माळ्यावर पडून होता. एप्रिलमध्ये एका रोपवाटिकेत अगदी असाच टब, त्यावर एक सूर्यफूल रंगवून, १४०० रुपयांना विकायला ठेवलेला पाहिला आणि आपल्या माळ्यावर निदान ३००० रुपयांचा ऐवज धूळ खात आहे या जाणिवेने मला रात्रभर झोप लागली नाही. मे महिन्यात तिन्ही वस्तू परसात मांडल्या आणि त्यांत मिरची, टोमॅटो व पुदिना लावला. आईच्या बादलीला भोक पाडायला जीव धजेना, म्हणून तळाशी विटांचे तुकडे घालून त्यावर माती भरली. जास्तीचे पाणी तुकड्यांत उतरेल आणि मुळे वर सुखात राहतील, असा माझा हिशेब होता. तळाला वाटच नसेल तर तिथे उतरलेले पाणी जाणार कुठे, हा प्रश्न मला उन्हाळाभर पडला नाही, कारण त्याचे उत्तर ऊन परस्पर देत होते. जूनमध्ये पाऊस लागला आणि तिन्ही भांड्यांत चिखलाची खीर झाली. मिरचीचे रोप ओढले तर ते सहज हातात आले. मुळे काळी पडली होती आणि त्यांना गटाराचा वास येत होता. टबात तर एक बेडूक येऊन राहिला.

त्या बेडकाचा मला राग आला नाही, कारण त्याचा हक्क माझ्यापेक्षा जुना होता. लोखंडाला जस्ताचा मुलामा देण्याच्या क्रियेला ज्यांच्या नावावरून गॅल्व्हनायझेशन म्हणतात, ते इटलीतल्या बोलोन्याचे लुइजी गॅल्व्हानी प्रसिद्ध झाले ते मेलेल्या बेडकांच्या तंगड्यांवर केलेल्या प्रयोगांमुळे. दोन वेगळ्या धातूंचा स्पर्श झाला की तंगडी झटका देते, हे त्यांनी १७९१ मध्ये छापून जाहीर केले. सुमारे ४५० अंश तापलेल्या वितळलेल्या जस्तात लोखंडी पत्रा बुडवून काढण्याशी त्यांचा स्वतःचा काही संबंध नव्हता, त्याचे पेटंट फ्रान्समध्ये १८३७ मध्ये निघाले. पण नाव बेडकांच्या वाटेनेच आले. तेव्हा जस्ती टबात बेडूक बसलेला पाहून मी त्याला नमस्कार केला आणि फावडे आणायला गेलो. भिजलेल्या मातीने भरलेला टब एकट्याने उपडा करण्याचा प्रयत्न कोणी करू नये. माझी कंबर अजून बोलते आहे.

आता दुकानाकडे येतो. पेठेतल्या त्या गल्लीत पत्रेकाम करणारे पूर्वी बरेच होते. प्लास्टिकच्या बादल्या आल्या आणि आता एकच उरले आहेत. दुकान म्हणजे सहा फुटांची फळी, तिच्यावर कात्री, लाकडी मोगरी, डाग देण्याची तांब्याच्या डोक्याची सळई, आणि वर टांगलेली नरसाळी, चाळण्या व कोठ्यांची झाकणे. मालकांना सगळी गल्ली ‘मामा’ म्हणते. मी बादल्या त्यांच्यासमोर ठेवल्या.

“मामा, एवढी भोकं...”

माझे वाक्य पुरे व्हायच्या आत त्यांनी एक बादली उचलली, उजेडाकडे धरली, तिच्यात डोके घातले आणि आतूनच घुमणाऱ्या आवाजात विचारले, “कुठं गळतीय?”

“गळत नाही.”

“मग?”

“गळायला हवी आहे.”

डोके बादलीतून बाहेर आले. झारीचे तोंड बसवून घ्यायला आलेले एक आजोबा आणि कोठीचे झाकण घेऊन आलेल्या एक मावशी, दोघेही एक पाऊल पुढे सरकले. पावसाचा आडोसा म्हणून छपराखाली उभा असलेला कॉलेजातला मुलगा मोबाइलमधून वर बघू लागला, यावरून प्रसंगाचे गांभीर्य ध्यानात यावे.

“सर,” मामा हळू आवाजात म्हणाले, “या गादीवर मला ३९ वर्षं झाली. त्याआधी वडील बसायचे. भोक दिसलं की बुजवायचं, एवढंच काम आमच्याकडं आहे. उलटं काम आम्हाला येत नाही.”

“पण पाडायला काय लागतं? खिळा आणि हातोडी.”

“मग घरी पाडायचं हुतं की,” आजोबा म्हणाले, आणि या युक्तिवादाला तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. मग त्यांनी आवाज उतरवून विचारले, “घरात काही झालंय का? माझ्या चुलत्यानं भांडणात पाण्याचं घंगाळ फोडलं हुतं. नंतर लय पस्तावला.”

मावशी मात्र थेट मुद्द्याला आल्या. “भोक पाडतात ते मडक्याला, आणि तेही कुठं पाडतात ते तुम्हाला ठाऊक आहे. घरातल्या नांदत्या बादलीला भोक पाडायचं म्हंजे काय?”

मी वर्गात शिकवल्यासारखा पाण्याचा निचरा, मुळांना लागणारी हवा आणि माझ्या मिरचीचे निधन हा सगळा विषय क्रमाने समजावून सांगितला. त्यावर मावशींनी नवी शंका काढली: जस्ताच्या भांड्यात कोणी ताक ठेवत नाही, चिंचेचा कोळ ठेवत नाही, मग त्यातली मिरची खाणार कशी? शंका अगदीच गैर नव्हती, कारण आंबट पदार्थात जस्त विरघळते आणि असे ताक प्यायले तर पोट बिघडते. मी म्हणालो की मातीची गोष्ट वेगळी आहे, माती फार आंबट नसली तर जस्त विशेष उतरत नाही, आणि थोडेफार जस्त पिकाला लागतेच. शेतकरी झिंक सल्फेट टाकतात ते कशासाठी?

“मग त्याचं पुडकं आणा की,” आजोबा म्हणाले. “बादली कशाला वाया घालवताय?”

मामांनी शेवटचा, आणि खरे तर सर्वांत समंजस, प्रश्न विचारला. कुंभाराकडे मातीची कुंडी साठ-सत्तर रुपयांत मिळते आणि तिला भोक आधीपासूनच असते. ती का नको?

मी म्हणालो, “हे दिसायला छान दिसतं.”

यानंतर कोणीच काही बोलले नाही. मावशींनी पदर सारखा केला. मुलाने मान पुन्हा मोबाइलमध्ये घातली, बहुधा माझ्यासाठीच. मामा म्हणाले, “ठेवून जा. टबपण आणून टाका. संध्याकाळी या.”

संध्याकाळी गेलो तेव्हा तिन्ही भांडी पुसून, ओळीने मांडून ठेवलेली होती. एका बादलीच्या तळाच्या जोडाला बारीक पाझर होता, तिथे मामांनी डाग दिला होता. दुसरीची ढिली झालेली कडी आवळली होती आणि टबाच्या बुडाला नवी पट्टी मारली होती. १८० रुपये झाले. “आता वीस वर्षं एक थेंब गळायचा नाही,” ते म्हणाले.

“आणि भोकं?”

“ते घरी जाऊन शांतपणे ठरवा, सर.”

मी पैसे दिले. १८० रुपयांचे मला काही वाटत नाही, म्हणजे वाटते, पण त्याहून जास्त वाटते ते वेगळेच. आज डांबर पडलेला रस्ता उद्या पाइपासाठी खणायला माणसे मिळतात, फरशी घातली की आठवड्यात ती उखडायला मिळतात, धडधाकट भिंत पाडायला तर यंत्र दारात येऊन उभे राहते. चांगली वस्तू पैसे घेऊन बिघडवणे हा सगळीकडे भरभराटीला आलेला धंदा असताना, तो करायला नकार देणारा एकमेव माणूस नेमका माझ्याच वाट्याला यावा, आणि तोही मला अर्धा इंच भोक हवे असताना यावा, याला काय म्हणावे? शिवाय त्याच्या गल्लीत आता गिऱ्हाईक येत नाही याचे दुःख मीच आजवर चारचौघांत अनेकदा बोलून दाखवले आहे, त्यामुळे मला धड चिडताही येत नव्हते.

रविवारी शेजाऱ्यांचे ड्रिल आणले. जस्ताच्या गुळगुळीत पत्र्यावर ड्रिलचे टोक आधी सरळ बसतच नाही. ते बर्फावरच्या माणसासारखे घसरते आणि आईच्या बादलीवर चंद्रकोरी काढते. मग खिळ्याने खोच पाडून तिथे टोक टेकवले आणि प्रत्येक भांड्याला पाच-पाच भोके पाडली. कडा इतक्या धारदार निघाल्या की पहिले रक्त मी सांडले आणि मग कानशीने त्या घासल्या. भोकाच्या कडेला लोखंड उघडे पडते खरे, पण शेजारचे जस्त आधी स्वतः झिजते आणि काही काळ त्याला गंजू देत नाही, हा या धातूचा मोठेपणा आहे. भांडी विटांवर ठेवली. पुढच्या उन्हाळ्यात पत्रा तापून मुळे भाजू नयेत म्हणून आतून गोणपाट लावले. रात्री पाऊस झाला आणि पंधरा भोकांतून पाणी सुरेख वाहिले. मामांनी डाग दिलेला जोड मात्र ठणठणीत कोरडा होता.

काल भाजी घेऊन त्याच गल्लीतून येत होतो. मान खाली घालून निम्मी गल्ली पार केली असेल, तेवढ्यात फळीवरून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज आला.

“सर, बादली गळत न्हाई न्हवं?”

“एक थेंबसुद्धा नाही, मामा,” मी म्हणालो.